एका बैठकीत एक फर्मा

वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

प्रश्न : ताई, आमच्या वाचनगटात पुढच्या वेळी एका चरित्रग्रंथावर मला बोलायचं आहे. पुस्तक ४१६ पानांचं आहे. हातात २१ दिवस, म्हणजे रोज २० पानं. हिशोब सोपा. पण आजवर एकदाही तो जमलेला नाही. गेल्या खेपेला पाचव्या दिवशी मी शंभराव्या पानावर हवी होते, होते एकसष्टाव्या पानावर. शेवटच्या रात्री दीडशे पानं नुसती चाळली आणि दुसऱ्या दिवशी चर्चेत गप्प बसून राहिले. कामाच्या दिवसांत मला रात्रीच काय तो वेळ मिळतो, त्यातल्याही पाचपैकी दोन रात्री पुस्तक छातीवर उघडं ठेवून झोप लागते. शनिवार-रविवारी दोन-दोनदा बसता येतं. माझा भागाकार कुठे चुकतो?

उत्तर : भागाकार बरोबर आहे. ज्याला भागलंत ते चूक आणि ज्याने भागलंत तेही चूक.

आधी माझी बाजू सांगते. मी एकतीस वर्षं मुद्रितशोधन केलं, म्हणजे छापायला जाणाऱ्या पुस्तकाची प्रुफं वाचली. आमच्याकडे पुस्तक पानांत मोजत नाहीत, फर्म्यांत मोजतात. कागदाचा मोठा ताव दोन्ही बाजूंनी छापून त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात, तो एक फर्मा. तुमचं ४१६ पानांचं पुस्तक माझ्या लेखी सव्वीस फर्म्यांचं. अजूनही कुणी जाड पुस्तक पुढ्यात ठेवलं की माझं बोट आपसूक कण्याकडे जातं आणि शिवणीतले फर्मे मोजायला लागतं. सवय वाईट असेल, पण तिचा उपयोग पुढे सांगते.

पहिली चूक, ४१६ पानं तुम्हाला वाचायचीच नाहीत. शेवटच्या पानावरचा आकडा हा पुस्तकाच्या अंगाचा आकडा आहे, मजकुराचा नव्हे. सुरुवातीचं शीर्षकपान, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका. शेवटच्या टिपा, संदर्भसूची, नामसूची हे सगळं बाजूला काढा. चरित्रग्रंथात असा ऐवज बराच असतो. समजा पुढची १६ आणि मागची २४ पानं गेली. राहिली ३७६.

दुसरी चूक, तुम्ही दिवसांनी भागलंत. पुस्तक दिवसात वाचून होत नाही, बसल्यावर वाचून होतं. तुमच्या २१ दिवसांत बैठका किती? तुमच्याच पत्रावरून मोजते. कामाच्या पाचपैकी तीन रात्री, शनिवारी दोन, रविवारी दोन, म्हणजे आठवड्याला सात. तीन आठवड्यांच्या एकवीस. आकडा योगायोगाने तोच आला म्हणून फसू नका. तुमच्या मूळ हिशोबात प्रत्येक रात्र जागी होती, इथे सहा रात्री झोपलेल्या धरल्या आहेत.

बैठका मोजताना पुढच्या आठवड्याकडे बघू नका, मागच्या आठवड्याकडे बघा. पुढचा आठवडा सगळ्यांचाच मोकळा असतो. माणसाच्या या खोडीला १९७९ साली डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी नाव दिलं, ‘नियोजनातली चूक’ म्हणू आपण तिला. पुढे १९९४ मध्ये बुहलर, ग्रिफिन आणि रॉस या तिघांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. मग विचारलं, सगळंच्या सगळं बिनसलं तर? उत्तर आलं ४९ च्या आत-बाहेर. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. म्हणजे वाईटात वाईट काय होईल याचा अंदाजसुद्धा वास्तवापेक्षा गोड होता. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. तोवर मी समजत होते, ही खोड फक्त माझ्यातच आहे.

आता वेग. तो मोजल्याशिवाय पुढचं सगळं हवेत. घड्याळ लावून वीस मिनिटं वाचा, पण एकाच जागी नको. तीन ठिकाणी वाचा : सुरुवातीला, मध्यावर आणि जिथे तळटीपा दाट आहेत तिथे. चरित्र आहे, रहस्यकथा नाही, मधलं वाचल्याने काही फुटत नाही. (कादंबरी असती तर म्हटलं असतं, तिसऱ्या प्रकरणापासून मोजा. पहिली दोन प्रकरणं कोण कुणाचा कोण हे लावण्यात जातात, तो वेग पुढे राहत नाही.) आणि वाचायचं ते नेहमीसारखं. घड्याळ समोर असलं की डोळे परीक्षेला बसल्यासारखे पळतात. म्हणून घड्याळ पालथं ठेवा, वाजू द्या.

समजा सुरुवातीला ८ पानं झाली, मध्ये ९, तळटीपांत ७. तिन्ही मिळून एका तासात २४. म्हणजे चाळीस मिनिटांत सोळा, एक फर्मा! हा मेळ बसला की मला अजूनही आनंद होतो. तुमचा आकडा वेगळा येईल, येऊ दे. पण आलेला आकडा वाढवून लिहू नका.

३७६ पानांना अशा साडेतेवीस बैठका लागतात, चोवीस धरू. तुमच्याकडे आहेत एकवीस. म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं, एकही फोन आला नाही, डोकं दुखलं नाही, तरी तुमची चाळीस पानं राहणारच होती. ती शेवटच्या रात्री साचत होती आणि तुम्ही दोष देत होतात स्वतःच्या आळसाला.

यावर दोनच उपाय. एक तर सुरुवात आठवडाभर आधी करा. पुस्तक ठरल्यापासून पहिलं पान उघडेपर्यंत किती दिवस गेले ते आठवून बघा, तो आठवडा तिथेच सापडेल. मग बैठका होतील अठ्ठावीस. गरज चोवीसची, चार हाताशी. या चारांना काम नेमून देऊ नका, त्या रिकाम्याच ठेवायच्या. त्यातल्या दोन उरल्याच तर शेवटी बोलण्याच्या तयारीला ठेवा, कारण पुस्तक संपलं त्याच रात्री त्यावर काय बोलायचं ते सुचत नाही.

ते शक्य नसेल तर दुसरा उपाय : कुठली चाळीस पानं चाळायची ते आजच ठरवा. अनुक्रमणिका समोर घ्या आणि पेन्सिलीने खूण करा. वंशवेलीचं प्रकरण असेल, पत्रांच्या नकला असतील. चाळणं वाईट नाही. पण आपण ठरवलं नाही की वेळ ठरवतो, आणि वेळ नेहमी पुस्तकाची शेपटीच कापतो. चरित्रात तीच तर बहुतेक वेळा ऐकण्याजोगी असते.

आणि आता खरी गोष्ट, जिच्यामुळे पाचव्या दिवशी पुस्तक मिटलं जातं. सोमवारची वीस पानं राहिली म्हणून मंगळवारी चाळीस, मंगळवारची राहिली म्हणून बुधवारी साठ. साठ पानं म्हणजे तुमच्या वेगाने अडीच तास. दमून आलेल्या माणसाला कोण देतं अडीच तास? मग त्या पुस्तकाकडे बघायचीही भीती वाटते, सावकाराच्या दारावरून जाताना वाटते तशी. राहिलेली पानं हे कर्ज नाही. ती फेडायची नाहीत, पुन्हा वाटायची. समजा दहा बैठकांची वेळ उलटून गेली आणि प्रत्यक्षात सातच झाल्या. वाचून झाली ११२ पानं, राहिली २६४. पुढे बैठका आहेत अठरा. २६४ भागिले १८, पंधराला थोडी कमी. म्हणजे तीन बैठका बुडूनही तुम्हाला सोळाऐवजी पंधराच पानं पुरतात. रिकाम्या ठेवलेल्या चार बैठकांनी हे काम केलं. हा भागाकार आठवड्यातून एकदाच करा, रविवारी. रोज केलात तर वाचन बाजूला राहील आणि हिशोबच चालेल.

हे सगळं मी पोथीतून शिकले नाही. एकदा बावीस फर्म्यांचं एक पुस्तक अकरा दिवसांत देते म्हणून सांगून बसले. रोज दोन फर्मे, तुमच्यासारखंच. वेग मोजला होता पहिल्या दोन फर्म्यांवर, तिथे छान सरळ गद्य होतं. चौदाव्या फर्म्यापासून निघाले तक्ते, बारीक टाइप आणि अर्धं अर्धं पान तळटीपा. दोनाचा एक फर्मा झाला. शेवटचे तीन फर्मे एका रात्रीत वाचले. पुस्तक छापून आलं, उघडून बघते तर शेवटच्या प्रकरणाच्या डोक्यावर मोठ्या ठशात ‘उपहार’. ‘उपसंहार’मधला ‘सं’ गळालेला. मी तो शब्द नक्की पाहिला होता, शेजारी माझी बरोबरची खूणही होती. दमलेला डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. प्रकाशक भला माणूस, म्हणाले, “वाचकांना भेट दिली म्हणायची.” मी मात्र त्या दिवसापासून वेग नेहमी अवघड पानांवर मोजते.

एक बारीकसारीक सूचना. पुस्तकात खुणेला साधी कागदाची पट्टी ठेवा आणि बैठक संपली की तिच्यावर लिहा : तारीख, कुठून, कुठपर्यंत. इतकंच. आवडलं-नावडलं नको. आणि थांबताना आकड्यावर थांबू नका, परिच्छेदाच्या शेवटी थांबा, उपशीर्षक जवळ असेल तर तिथे. वाक्य मध्येच सोडलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी ओळख दाखवत नाही, मागचं एक पान परत वाचावं लागतं. चाळीस मिनिटांच्या बैठकीत ही ओळखपरेड एकदा होते. तेच दहा-दहा मिनिटांचे चार तुकडे केले तर चारदा.

प्रश्न : नमस्कार. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवतो म्हणणारा एक अभ्यासक्रम पाहिला. तो केला तर वेळापत्रकाची कटकटच राहणार नाही ना? तुमचं मत?

उत्तर : कटकट राहणार नाही, लक्षातही काही राहणार नाही.

डोळा ओळीवरून घरंगळत जातो असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तो उड्या मारतो आणि थांबतो. हे फ्रेंच नेत्रतज्ज्ञ एमिल झावाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मांडलं. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा. म्हणजे सेकंदाला चार थांबे. मिनिटाला हजार शब्द म्हणजे सेकंदाला सोळाहून जास्त, म्हणजे प्रत्येक थांब्यात चार शब्द. पण डोळ्याला एका वेळी स्वच्छ दिसतात मोजकीच अक्षरं, बाजूचं सगळं धूसर. उरलेले शब्द मग अंदाजाने भरायचे. माझा ‘उपहार’ असाच भरला गेला होता. २०१६ मध्ये कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचं सगळं संशोधन तपासून हेच सांगितलं, की वेग वाढवला तर समज घटते, दोन्ही एकदम मिळत नाही. चाळायचं कौशल्य शिका, ते वेगळं आणि उपयोगाचं आहे. पण त्याला वाचन म्हणू नका.

आणखी एक. मिनिटाला किती शब्द, हे माप मराठीला धड बसत नाही. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यासांचे आकडे एकत्र करून मांडलं, की प्रौढ माणूस इंग्रजीतलं माहितीपर गद्य मनात वाचतो तेव्हा मिनिटाला सुमारे २३८ शब्द होतात. तुम्ही मराठी पुस्तकावर घड्याळ लावलंत आणि कमी भरले, तर स्वतःला मंद ठरवू नका. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत तेवढं सांगायला पाच-सहा शब्द मोजावे लागतात. आपले शब्द प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं सगळं खांद्यावर घेऊन चालतात. म्हणून मराठी वाचणाऱ्याने शब्द मोजूच नयेत, पानं मोजावीत, आणि तीही त्याच पुस्तकाची. एका पुस्तकाचा वेग दुसऱ्याला लावू नये. टाइप बदलतो, समास बदलतो, लेखक तर बदलतोच.

परीक्षेचं पुस्तक असेल तर माझ्या वरच्या हिशोबात एक भर घाला. एकदा वाचून तुमचं काम होत नाही. चारपैकी तीन बैठका नव्या पानांच्या आणि चौथी पुस्तक मिटून. मागच्या तीन बैठकांत काय होतं ते कोऱ्या कागदावर लिहून काढा, जे आठवलं नाही तेवढंच उघडून बघा. या चौथ्या बैठकीत एकही पान पुढे सरकत नाही, म्हणून ती सगळ्यांच्या जिवावर येते. तीच गाळतात. चोवीस बैठकांचं पुस्तक या हिशोबाने बत्तीसचं होतं, ते आधीच धरून चला.

प्रश्न : मी वाचनयंत्रावर वाचतो. ते खाली दाखवतं, पुस्तक संपायला अजून ४ तास १० मिनिटं. यावर विश्वास ठेवावा का? काल तेच यंत्र ६ तास म्हणत होतं.

उत्तर : ते बिचारं तुमच्या पानं उलटण्याच्या वेगावरून बोलतं. तुम्ही पुस्तक उघडं ठेवून दारावरची बेल वाजली म्हणून उठलात, हे त्याला काय कळणार? एका दिवसाचा आकडा सोडून द्या, आठवडाभराचा कल बघा. टक्क्यांकडे बघताना एवढं लक्षात ठेवा की टिपा आणि सूची त्यातच धरलेल्या असू शकतात. माझं एक पुस्तक ८१ टक्क्यांवर संपलं. मी अजून जवळजवळ पाचवा हिस्सा शिल्लक आहे म्हणून निवांत होते आणि नायक एकदम मेला.

प्रश्न : आदरणीय बाई, मी निवृत्त आहे, वेळच वेळ आहे, तरी पुस्तकं संपत नाहीत. शिवाय कवितासंग्रह वेळापत्रकात कसा बसवावा?

उत्तर : वेळच वेळ आहे हेच कारण. कामाला मिळेल तेवढा वेळ ते काम व्यापतं, असं पार्किन्सन नावाच्या गृहस्थांनी १९५५ मध्ये गमतीत लिहून ठेवलं आणि ते सगळ्यांना गंभीरपणे लागू पडलं. तुम्हाला बैठकीची सुरुवात ठरवायची गरज नाही, शेवट ठरवायची आहे. रोज एकाच वेळी बसा आणि चाळीस मिनिटं झाली की रंगात आलेलं असलं तरी उठा. उद्या पुस्तक तुम्हाला स्वतः बोलावेल.

कवितासंग्रह बसवू नका. चौसष्ट पानं, चार फर्मे, म्हणजे माझ्या हिशोबाने चार बैठका. एकदा मी त्या चार बैठकांत वाचून संपवला आणि पाचव्या दिवशी पहिल्या कवितेशी येऊन बसले, कारण एकही ओळ सोबत आली नव्हती. दुसऱ्या पुस्तकाची बैठक सुरू करण्याआधी एक कविता वाचा, दोनदा. एकदा मनात, एकदा मोठ्याने.

शेवटचं पत्र जुन्या ओळखीच्या एका वाचकाचं आहे. मागच्या वर्षी त्यांना बैठकांचा हिशोब कळवला होता. ते लिहितात : “ताई, पुस्तक तीन दिवस आधीच संपलं. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. आता या तीन दिवसांचं काय करू? नवीन सुरू करू का?”

लगेच नको. आधी खुणेची पट्टी काढा आणि बघा, कुठल्या बैठकीत सोळाऐवजी सहाच पानं झाली होती. एक तर त्या रात्री तुम्हाला झोप येत होती, नाहीतर तिथे पुस्तक अवघड होतं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी ती पानं तुम्ही अजून नीट वाचलेली नाहीत. तिथून सुरू करा.